ती कुस्ती नूरा नव्हती

कुस्ती सुटली की जिंकलेल्याला लोक खांद्यावर घेतात आणि हरलेल्याला आपला सदरा स्वतः शोधावा लागतो. फडाभोवतीची गर्दी एकदम आत घुसते. हलगी अंगावर येते. ज्याच्या हातात आपण कपडे दिलेले असतात, तो भला माणूसही जिंकणाऱ्याचं तोंड बघायला पुढं पळालेला असतो. मी एकदा नुसत्या लंगोटावर अर्धा घंटा सदरा शोधला होता. सापडला तेव्हा त्याच्यावर चार गावच्या पायांचे ठसे होते. झटकला आणि घातला, दुसरा नव्हता.

मी सटवाजी. जुने लोक सटवा पैलवान म्हणतात. जात धनगर, घरी मेंढरं, शिक्षण चौथी, तेही निजामाच्या अमलातलं. कुस्ती सुटल्यावर पूर्ण्याच्या मालधक्क्यावर हमाली केली आणि कमरेनं जवाब दिला तेव्हा घरी बसलो. या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडं ‘गाजलेल्या कुस्त्या’ मागितल्या होत्या. गाजलेल्या कुस्त्या सगळेच पैलवान सांगतात, त्यातल्या निम्म्या झालेल्याही नसतात. मी हरलेली सांगतो. शुद्धलेखन आमच्या शाळेतल्या मास्तरांनी बघून दिलंय. मजकुरात चार शिव्या होत्या, त्या त्यांनी काढून टाकल्या. वाचकांनी जागा ओळखून आपापल्या घालून घ्याव्यात.

आधी हा धंदा काय असतो ते सांगतो. हो, धंदाच. लोक त्याला छंद म्हणतात, कारण पैलवानाला पगार नसतो.

आमच्या वेळच्या कुस्तीत गुण नव्हते, घड्याळ नव्हतं. समोरच्याचे दोन्ही खांदे मातीला लावायचे, की त्याची ‘पाठ लागली’. संपलं. तुम्ही घंटाभर त्याला गुडघ्याखाली दाबून ठेवलेलं असो, शेवटी पाठ कुणाची लागली एवढंच लोक बघतात. म्हणून हरलेला पैलवान उठल्याबरोबर पहिलं काम करतो ते म्हणजे पाठ पुसायचं. मागं हात पुरत नाही, तरी पुसत राहतो. पाठीवरची लाल माती कुणी बघू नये असं त्याला वाटतं. सगळ्यांनी बघितलेली असते.

पैलवानाला गाव पोसतं. त्याला खुराक म्हणायचं. आमच्या गावात त्याची पाळी ठरलेली होती. आज पाटलांच्या घरून म्हशीच्या दुधाचा तांब्या, उद्या वाण्याकडून, परवा तेल्याकडून. सणाला तूप. बदल्यात मी काय द्यायचं? जत्रेतल्या फडात गावाचं नाव पुकारलं की ते खाली पडू द्यायचं नाही. आमच्या घरी शेळ्यांचं दूध होतं, पण शेळीच्या दुधावर पैलवान होत नाही म्हणतात. ते किती खरं, माहीत नाही. शेळीच्या दुधावर कुणाची मालकी नसते, एवढं मला पुढं कळलं.

आणि तालीम. आमची जमीन काळी. काळी माती कुस्तीला चालत नाही. ओली झाली की चिकटते, वाळली की दगड. लाल माती जिंतूरच्या डोंगराकडून बैलगाड्यांनी आणलेली होती. ती आणणारे आमचे इमाम वस्ताद. गड्याची उंची बेताची, मान आखूड, बोलणं मऊ. तालीम त्यांच्या घराला लागून, त्यांच्याच जागेत. पहाटे स्वतः खोरं घेऊन माती उकरायचे, तीत ताक आणि तेल घालायचे आणि आम्ही आत पाऊल टाकायच्या आधी खाली वाकून मातीला हात लावायचे. शिकवायचे त्याचं काही घेत नव्हते. गाव त्यांना सुगीला धान्य द्यायचं, बस.

पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, तेव्हा आमच्याकडं फार वाईट दिवस आले. वस्तादांचे दोन भाऊ रातोरात हैदराबादला निघून गेले. वस्ताद गेले नाहीत. “मेरे बच्चे मिट्टीमें हैं, मी कुटं जाऊ?” म्हणाले. बच्चे म्हणजे आम्ही. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. पाटलांनी चावडीत सगळ्यांना बोलावून सांगितलं, “वस्ताद आपले हायेत. त्यांना कुनी बोट लावायचं न्हाई.” कुणी लावलंही नाही. मी तेव्हा सोळा-सतराचा होतो. पाटलांबद्दल माझा ऊर भरून आला होता. ‘आपले’ म्हणण्यात एक अट असते, हे कळायचं ते वय नव्हतं.

पुढची सहा-सात वर्षं माझी होती. जत्रेच्या फडात जोड लावायची एक रीत असे. गावचा कारभारी पैलवानाचा हात वर धरून त्याला फडाभोवती फिरवतो. ती फेरी. ज्याला लढायचं असेल त्यानं पुढं होऊन हात मिळवायचा. माझी फेरी निघाली की लोक आपल्या पैलवानाला मागं ओढायचे. मी दोन-दोन फेऱ्या मारायचो, तिसरीही मारायचो आणि कुणी हात पुढं करायचं नाही. पाटील माझा हात धरून असे चालायचे, जणू तो दंड त्यांचाच आहे. चार वर्षं माझी पाठ कुणी लावली नव्हती.

आता ‘नूरा’ हा शब्द सांगावा लागेल. दोन पैलवानांनी कुणी पडायचं ते आधीच ठरवून केलेली कुस्ती म्हणजे नूरा. बाहेरच्याला कळत नाही, फडात कसलेल्या माणसाला दोन मिनिटांत कळतं. एकदा तर मी अजब नूरा बघितली. गावाचं नाव लिहीत नाही, तिथं माझी लेक दिलेली आहे. दोघं तगडे पैलवान होते. एकाला एका पार्टीनं सांगितलं होतं, तू पड. दुसऱ्याला दुसऱ्या पार्टीनं सांगितलं होतं, तू पड. दोघांनाही एकमेकांचं माहीत नव्हतं. सलामी झाली आणि दोघंही पडायची जागा शोधायला लागले. हा त्याच्या अंगाखाली जायला बघतो तर तो आधीच खाली. हा पाठ टेकायला जातो तर तो याला ओढून वर घेतो. घामानं चिंब झाले. इतक्या चुरशीची कुस्ती मी जन्मात बघितली नाही. शेवटी पंचांनी दोघांनाही फडाबाहेर काढलं. आम्ही हसून हसून लोळलो. इमाम वस्ताद तेवढे हसले नाहीत. म्हणाले, “हारना बुरा नै बेटा. हार बेचना बुरा.”

तेव्हा मी त्यांना ‘हौ वस्ताद’ म्हणालो. चांगलं वाक्य आहे असंही वाटलं.

आम्ही मुंबई राज्यात गेलो त्याच्या आदल्या वर्षी ताडकळसच्या जत्रेत दिवसाची शेवटची, म्हणजे मानाची कुस्ती माझी लागली. समोर पूर्ण्याचा केरबा. रेल्वेत होता, दिवसभर इंजिनात कोळसा ओढायचं काम. नाव फारसं झालेलं नव्हतं. तोच पुढं आला, हात मिळवला आणि हळू म्हणाला, “रागावू नका पैलवान, रेल्वेच्या साहेबानं पाठविलंय.” मी हसलो. आमच्या गावची चौदा गाड्या माणसं आली होती आणि मी मनातल्या मनात परतीची मिरवणूक बघत होतो.

माझा डाव ढाक. हात काखेत धरून, कमरेवर घेऊन समोरच्याला डोक्यावरून टाकायचं. तो डाव बघायला लोक लांबून यायचे. वस्तादांनी सकाळीच बजावलं होतं, “घाई नक्को. पहिले दहा मिनट उसको थका. ढाक बाद में.” मी सलामी दिली, दोन-चार वेळा मान झटकून बघितली आणि लोकांनी “ढाक! ढाक!” म्हणून ओरडा केला तसा तिसऱ्याच मिनिटाला ढाकेला गेलो. केरबानं कंबर मागं ओढली. कोळसा ओढणाऱ्याची कंबर ती, एक जागा धरली की हलत नाही. माझा डावा पाय उखडला. त्यानं तसंच बसवलं, मानेवर हात घातला आणि मला उलटा केला. मी आभाळ बघितलं. पंच माझ्या खांद्याशी गाल टेकवून बघत होता, त्याला फार वेळ बघावंही लागलं नाही.

यात काही खोट नव्हती. पाय घसरला नाही, डोळ्यात माती गेली नाही, पंच फितूर नव्हता. माझ्यापेक्षा तो त्या दिवशी चांगला होता आणि मी लोकांच्या ओरडण्याला भुललो. सदरा शोधला तो त्याच दिवशी.

परतीला चौदा गाड्यांत कुणी बोलत नव्हतं. बैलांच्या घुंगरांचासुद्धा लोकांना राग येत असावा. घरी आलो तर बाप मेंढरांत बसलेला. त्याला आधीच कळलं होतं. टकरीचे एडके पाळण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. तो म्हणाला, “एडका हारला तर हारू द्यावा. पन त्येला लगेच दुसऱ्या टकरीला न्हेऊ नी. चार म्हैने मेंढरांत सोडावा.” मला ते लागलं. मी म्हणालो, “मी एडका हाय का?” तो म्हणाला, “एडक्याला निदान मार लागलेला कळतो.”

बापाचं ऐकलं असतं तर हा लेख लिहायचा प्रसंग आला नसता.

हरल्यानं पैलवानाचं काय होतं, असं कुणी विचारलं तर मी सांगतो की दंड एका दिवसात बारीक होत नाहीत, दूध होतं. पहिल्या आठवड्यात ते पातळ झालं. दुसऱ्या आठवड्यात तांब्या लहान झाला. वाण्याच्या घरून निरोप आला, म्हैस आटली. मी त्याच म्हशीला सकाळी नदीवर बघितलं होतं, कास चांगली भरलेली होती. वाटेत भेटणारे लोक पूर्वी माझ्या दंडाला हात लावायचे, ते आता डोळ्यांकडं बघायचे, आजाऱ्याच्या बघतात तसं.

आणि मग पाटलांनी चावडीत बोलावलं. पाच-सहा वजनदार माणसं बसली होती. मला वाटलं आता झाडतील. पण पाटलांनी मला जवळ बसवलं, पाठीवर हात ठेवला.

“सटवा, आमी लय इचार केला. तू हारायचा गडी न्हाईस. त्यो कोळशेवाला तुला पाडतो व्हय? ह्यात काय तरी हाय.”

त्यांनी पाठीवरचा हात काढला नाही.

“इकलीस न्हवं? सांगून टाक. आमी काय परके हावोत का? पोरगं हाय, गरिबी हाय, कुनी भुलविलं आसंल. गाव समजून घिल.”

वाचकहो, हे नीट बघा. मला वाटलं होतं ते शिवी देतील, ते मला सवलत देत होते. मी कुस्ती विकली असं ठरलं, की गावचा पैलवान हरलेलाच नाही. गावाचं नाक शाबूत, माझे दंड शाबूत, ढाक शाबूत. फक्त मन थोडं मळलं, ते धुऊन घेता येतं. आणि मी ‘खरंच हरलो मालक’ म्हणालो असतो, तर चौदा गाड्या खाली मान घालून आल्या त्याला काही इलाजच उरत नव्हता.

मला चार शब्द बोलायचे होते. पण समोर पुढच्या महिन्याच्या जत्रा होत्या, फेऱ्या होत्या, दुधाचा तांब्या होता, आणि खरं सांगायचं तर मलाही ते ऐकायला बरं वाटत होतं. आपण हरलो नाही, असं पाच शहाणी माणसं सांगत असली की गड्याला पटायला लागतं. मी मान खाली घातली. होय म्हणालो नाही, आणि न्हाईही म्हणालो नाही. आमच्याकडं खाली घातलेली मान म्हणजे होकार असतो.

“बघा,” पाटील म्हणाले, “मी म्हनलं न्हवतं?”

दुसऱ्या दिवशी दूध घट्ट आलं.

आता पुढचं मला सुचायला हवं होतं आणि सुचलं नाही. गावानं विचार केला, कुस्ती विकली खरी, पण विकली कुणी? सटवा तर धनगराचं भोळं पोर. त्याला कुठला आलाय सौदा जमायला. त्याच्यामागं कुणीतरी असणार. मागं एकच माणूस होता. आठ दिवसांत ‘सटवानं इकली’चं ‘वस्तादानं इकविली’ झालं. पंधरा दिवसांत पिठाच्या गिरणीवर कुणीतरी म्हणालं, “त्यांच्या लोकाचं काय सांगावं.” इमाम वस्ताद त्या गावात जन्मले होते, त्यांचा आजा त्या गावात गाडलेला होता, आणि ते एका वाक्यात ‘त्यांचे लोक’ झाले.

तालमीत दहा-बारा गडी यायचे, ते चारवर आले, मग मी एकटा. एका सकाळी वस्ताद माती उकरत होते. खोरं न थांबवता म्हणाले, “लोक काय बोलायलेत ऐकलास?”

“ऐकलो वस्ताद.”

“मैं देख्या ना, तेरा पाँव कैसा उखड्या. तू हार्या. मेरे सामने हार्या.” मग खोरं थांबवलं. “बाजारात एक आदमी मला इचारतो, कितने मिले वस्ताद? चालीस साल माती उकरायलो बेटा मी.”

मी खाली बघत होतो.

“तू चावडीत जा. एकच बात बोल. मी हारलो, बस. हारना कोई गुनाह नै. तुझं काय जाईल? एक साल दूध नै भेटंल. माझं सगळं जातंय.”

“सांगतो वस्ताद,” मी म्हणालो.

खरंच सांगणार होतो. पण जिंतूरकडची जत्रा चार दिवसांवर होती. मी ठरवलं, तिथं एक कुस्ती मारतो, मग जिंकलेल्या तोंडानं सांगतो. हरलेल्या तोंडानं सांगितलेलं कुणी ऐकत नाही. माझा हा हिशेब तेव्हा मला फार शहाणपणाचा वाटला होता.

जिंतूरला पाटील आले नाहीत, एका पोरसवदा कारभाऱ्याला पाठवलं. त्यानं माझा हात धरून फेरी सुरू केली. अर्धी फेरीही झाली नाही तोच पाच हात पुढं आले. पूर्वी मला बघून मागं सरकणारे गडी एकमेकांना ढकलून पुढं येत होते. हरलेल्या पैलवानाला सगळ्यात जास्त जोडीदार मिळतात, हे कुणी सांगत नाही. त्यातला एक मी घेतला आणि बरोबरीत सुटलो. मग ‘पुढच्या जत्रेनंतर सांगू’ झालं. मग त्याच्या पुढच्या.

याच दिवसांत टोपी आणि छत्रीवाला एक माणूस घरी आला. कुठल्या कुठल्या जत्रांची कामं बघतो म्हणाला. चहा घेतला, माझ्या बापाच्या एडक्यांची तारीफ केली, आणि मग म्हणाला, “तुमी समजदार पैलवान हायेत म्हनून ऐकलं.”

आमच्या धंद्यात ‘समजदार’ ही शिवी आहे. तिचा अर्थ मला कळत होता. कुणा मोठ्या माणसाच्या पोराचं नाव करायचं असलं की त्याच्या हातून पडायला एक नाव असलेला, पण समजदार गडी लागतो. मी त्याला हाकलून द्यायला हवं होतं. पण मी एकदा विकलेला पैलवान आहे हे मान खाली घालून मीच कबूल केलं होतं. आता कुठल्या तोंडानं रागवू? आणि दुसरं, खऱ्या कुस्तीत हरायची मला भीती बसली होती. ठरवून हरलं की ती भीती राहत नाही. मी समजदार झालो. ताडकळसची कुस्ती मी विकली नव्हती, त्यानंतरच्या किती विकल्या ते लिहायला लाज वाटते.

पोळ्याच्या आधी वस्ताद गाव सोडून निघाले. कुणी त्यांना जा म्हणालं नाही. आमच्या गावात कुणी कुणाला जा म्हणत नाही. सुगीचं धान्य कुणी दिलं नाही, हाक मारली तर ओ दिली नाही, एवढंच. मला कळलं तेव्हा गाडी वेशीबाहेर आली होती. वर एक पेटी, दोन गाठोडी आणि खाला, म्हणजे वस्तादांच्या घरच्या. मी गाडीबरोबर चालायला लागलो. पूर्ण्याच्या ठेसनापर्यंत येतो म्हणालो. वस्ताद नको म्हणाले.

“सांगितलास?” त्यांनी विचारलं.

“सांगतो वस्ताद.”

“हौ,” ते म्हणाले. “सांग.”

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. दोन वर्षांनी ते हैदराबादला वारल्याचं पूर्ण्याच्या एका गार्डकडून कळलं.

महाराष्ट्र झाला त्या वर्षी मी तिशीला आलो होतो आणि माझं नाव फक्त मधल्या कुस्त्यांना पुकारलं जायचं. एका जत्रेत माझा ठरलेला जोडीदार आलाच नाही. आयत्या वेळी गणपत नावाचा डोंगराकडचा एक गडी पुढं आला आणि त्यानं हात मिळवला. आमचं काही ठरलेलं नव्हतं. ठरवायला वेळच नव्हता. पाच वर्षांनी मी खरी कुस्ती धरली. का कुणास ठाऊक, त्या दिवशी अंगात जुनं पाणी आलं. वीस मिनिटं त्याला खेळवला, थकवला, वस्ताद सांगायचे तसा, आणि मग ढाकेवर घेतला. तो डोक्यावरून गेला आणि पाठीवर पडला. माझ्या आयुष्यातली सगळ्यात स्वच्छ ढाक.

फड हसायला लागला.

आधी एका कोपऱ्यात, मग सगळीकडं. “नूरा! नूरा!” कुणीतरी ओरडलं, “सटवानं आज इकत घेतली रे!” ढेकळं यायला लागली. हलगीवालाही थांबला. मी मध्ये उभा. पंचाला म्हणालो, खरी हाय हो, ही खरी हाय. पंचानं तोंड फिरवलं. माझ्या तोंडून आलेलं खरं घ्यायला तिथं कुणी तयार नव्हतं.

मी गणपतकडं बघितलं. त्याला एक आयती वाट होती आणि ती मला पाठ होती. त्यानं फक्त गप्प बसायचं, मान थोडी खाली घालायची. लोकच म्हणत होते, तू हरलेला नाहीस. त्याच्या गावची माणसं म्हणत होती, “चल गनपत, ह्यो समजदाराचा धंदा हाय, तुला कुनी फसविलं.”

गणपत उठला. पाठ पुसली नाही. आपल्या गावच्या माणसांच्या समोर गेला आणि त्यांच्याकडं पाठ करून उभा राहिला. खांद्यापासून कमरेपर्यंत लाल माती.

“ही बघा,” तो म्हणाला. “नीट बघा. कसली नूरा? मी हारलो. ह्यानं पाडलं मला. म्होरल्या साली मी ह्याला पाडीन, पन आज मी हारलो.”

ढेकळं थांबली. दोघे-तिघे शरमले, बाकीचे पुढची कुस्ती बघायला लागले. कुणी गणपतला खाऊन टाकलं नाही. पुढच्या वर्षी मी मुद्दाम चौकशी केली. त्याच्या गावानं त्याचं दूध एक दिवसही बंद केलेलं नव्हतं. चार शब्दांची किंमत एवढीच होती आणि मी ती पाच वर्षं फार मोठी धरून बसलो होतो.

त्या जत्रेहून मी घरी गेलो नाही, तडक चावडीत गेलो. पाटील पान खात बसले होते, शेजारी दोन-तीन माणसं. मी उभ्यानंच म्हणालो, “मालक, ताडकळसला मी हारलो हुतो. केरबानं खरंच पाडलं मला. मी इकली न्हाई. वस्तादानं बी इकली न्हाई.”

माझा आवाज फाटला होता. मला वाटलं चावडी हादरेल.

पाटलांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं.

“ठावं हाय की,” ते म्हणाले.

“काय?”

“आरं, आमी फडात हुतो की. डोळे हायेत आमाला. पाय उखडला तुझा.”

मी म्हणालो, “मग तुमी इचारलं कशाला, इकलीस का म्हनून?”

“गावाला काय तरी सांगावं लागतं, सटवा. तू न्हाई म्हनला आसतास तर ऱ्हायलं आसतं. तू बी गप बसलास. म्हनलं, ह्यालाबी तेच पायजे.”

“आन् वस्ताद?”

पाटलांनी पान थुंकलं. मग हातानं वेशीकडं दाखवलं. वस्तादांच्या तालमीच्या जागेवर सोसायटीचं गोदाम उभं राहिलं होतं, पत्रे नवे, बोर्ड नवा, चेअरमन पाटलांचा थोरला मुलगा. “त्येनी गेले ते एका अर्थी बरंच झालं,” पाटील म्हणाले. “जागा मोकळी झाली. बस, च्या घे.”

माझ्या अंगात तेव्हाही एवढी ताकद होती की त्या माणसाला बसल्या जागेवरून उचलून मी चावडीच्या पायऱ्यांवर आपटू शकलो असतो. अडवायला तिथं कुणी नव्हतं. मी चहा घेतला. कपबशी खाली ठेवली. “येतो मालक,” म्हणालो आणि उठलो.

त्या दिवशीसुद्धा मी त्यांना मालकच म्हणालो.